एक दिवस उशिरा आलेला कागद: नेवाडातल्या लॉक यांच्या दहा क्लेमचं प्रकरण

अमेरिकेत सरकारी जमिनीवरच्या खाणींचे क्लेम तपासायच्या कामाला, म्हणजे तिकडे ज्याला लँड लॉ एक्झॅमिनर म्हणतात त्या पोस्टवर, नवीन माणूस लागला की त्याला आधी नकाशे वाचायला शिकवतात, टाउनशिप-रेंज-सेक्शन म्हणजे तिकडची जमिनीची चौकोनी मोजणी, कुठली जमीन क्लेमसाठी खुली आणि कुठली बंद, फी किती, सिरियल नंबर कसा पडतो वगैरे. वकिलीची डिग्री लागत नाही, सुरुवात खालच्या श्रेणीतच होते आणि बहुतेक दिवस कागदावरची तारीख नि सही बघण्यातच जातो. कारकुनी वाटते सगळी. ती किती महाग पडू शकते हे समजायला मला विचाराल तर एकच प्रकरण पुरे आहे, युनायटेड स्टेट्स विरुद्ध लॉक, सुप्रीम कोर्ट, १९८५. लॉ कॉलेजात हे प्रकरण कायद्याचे शब्द कसे वाचायचे म्हणून शिकवतात आणि सगळं लक्ष न्यायमूर्तींकडे असतं. मी ते काउंटरच्या बाजूनं मांडतेय, कारण माझ्या मते गाडी तिथेच घसरली.

आधी क्लेम म्हणजे काय ते थोडक्यात, कारण आपल्याकडे असला प्रकारच नाही. १८७२ चा मायनिंग लॉ अजून चालू आहे, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सहीचा. सरकारची जमीन खुली असेल तर अमेरिकन नागरिकानं जावं, खनिज शोधावं, खुंट ठोकावेत, काउंटीच्या म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या ऑफिसात नोंद करावी, झाला क्लेम. आधी परवानगी नाही, लीज नाही, आणि सोनं-तांब्यासारख्या धातूंवर केंद्राला रॉयल्टीसुद्धा नाही. जमीन सरकारचीच राहते पण खनिजाचा हक्क तुमचा, आणि तो विकता येतो, वारसांना देता येतो. मोबदल्यात दरवर्षी क्लेममागे निदान १०० डॉलरचं काम करून दाखवायचं. आपल्याकडे कलेक्टर ऑफिसच्या चकरा मारून लीज मिळवणाऱ्या माणसाला हे परीकथेसारखं वाटेल.

गंमत अशी की नोंद फक्त काउंटीत व्हायची, त्यामुळे जमिनीचा मालक म्हणजे केंद्र सरकार, त्यालाच पत्ता नाही की आपल्या जमिनीवर कोणाचे किती हक्क आहेत. १९७५ च्या सुमाराचा अंदाज होता की नॅशनल फॉरेस्ट सोडून उरलेल्या सरकारी जमिनीवरच ६० लाखांच्या वर क्लेम असतील, त्यातले कितीतरी मेलेले, खुंट कुजलेले, मालकाचा पत्ता नाही, पण कायद्यानं जिवंत. कचरा काढायला १९७६ मध्ये नवीन कायदा आला, फेडरल लँड पॉलिसी अँड मॅनेजमेंट अ‍ॅक्ट, २१ ऑक्टोबर १९७६ पासून. त्याच्या कलम ३१४ नं सांगितलं की जुने क्लेम तीन वर्षांत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे म्हणजे बीएलएमकडे नोंदवा, आणि मग दरवर्षी एक कागद द्या, एकतर काम केल्याचं अ‍ॅफिडेव्हिट किंवा क्लेम ठेवायचाय अशी नोटीस. काउंटीतही द्या, बीएलएममध्येही द्या. नाही दिलात तर क्लेम सोडून दिला असं पक्कं धरलं जाईल, तुमच्या मनात काय होतं ते कोणी विचारणार नाही. आणि कागद कधीपर्यंत, तर ३१ डिसेंबरच्या आधी. "३१ डिसेंबरपर्यंत" असं लिहिलेलं नाही, "आधी" लिहिलंय, म्हणजे ३० ला ऑफिस बंद झालं की संपलं. वर्षाचा शेवटून दुसरा दिवस! कोणी विचार करून ठेवला असेल असं मला तरी वाटत नाही.

आता लॉक आणि मंडळी. हे चौघं जण, नेवाडात ईलीजवळ यांनी १९६० आणि १९६६ मध्ये मिळून दहा क्लेम विकत घेतले. सोनं-बिनं काही नाही, खडी आणि बांधकामाचा माल. पण क्लेमची किंमत कित्येक मिलियन डॉलर आणि १९७९-८० या एका वर्षात धंद्याची एकूण मिळकत १० लाख डॉलरच्या वर. राज्याच्या कायद्यानं दरवर्षी करायचं ते सगळं केलेलं, काम दाखवलेलं, नवीन कायदा आल्यावर बीएलएमची पहिली नोंदणीही मुदतीत केलेली. म्हणजे ज्या मेलेल्या क्लेमसाठी कायदा आणला त्यातले हे नव्हेत, यांची खाण रोज चालू होती, डंपर ये-जा करत होते.

१९८० चा वार्षिक कागद द्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्याकडच्या एका कर्मचारी बाईनं ईलीतल्या बीएलएमच्या लोकांना विचारलं. तिच्या अ‍ॅफिडेव्हिटप्रमाणे उत्तर मिळालं की कागद नेवाडातल्याच रीनो शहरातल्या बीएलएमच्या ऑफिसात द्या, ३१ डिसेंबर १९८० ला किंवा त्याआधी. झालं. मग जाऊन-येऊन सुमारे ७०० मैलांचा प्रवास करून ३१ डिसेंबरला रीनोत कागद हातानं जमा केले.

नंतर तीन महिने शांतता, आणि एप्रिल १९८१ मध्ये बीएलएमचं पत्र: तुमचा कागद एक दिवस उशिरा आला, दहाही क्लेम सोडून दिलेले आणि रद्द समजले जात आहेत.

बरं, इथे कोणीही म्हणेल की मग काय झालं, परत खुंट ठोका, जमीन तर तिथेच आहे. तांब्या-सोन्याचा क्लेम असता तर खरंच तसं करता आलं असतं, मधल्या काळात दुसरा कोणी घुसला नसेल आणि जमीन खुली असेल तर. पण खडी! २३ जुलै १९५५ च्या कायद्यानं साधी वाळू, दगड, खडी या गोष्टी १८७२ च्या कायद्यातून बाहेर काढल्या, तेव्हापासून असला माल सरकारकडून करार करून विकत घ्यावा लागतो. आपल्याकडे मुरूम-खडी-वाळू गौण खनिजात जाते आणि लोहखनिजाचे नियम तिला लागत नाहीत, साधारण तशीच विभागणी. लॉक यांचे क्लेम १९५५ च्या आधी घातलेले होते म्हणून जुन्या हक्कात टिकून होते, एकदा गेले की त्याच मालासाठी परत ठोकताच येणार नव्हते. म्हणजे दंड नाही, नूतनीकरण नाही, सरळ धंदाच गेला, चोवीस तासांपायी. नवीन माणसाला मी हे मुद्दाम सांगीन, की तुमच्या टेबलावरच्या दोन फायलींत अगदी सारखी चूक असू शकते आणि एकात माणसाचे काही शे डॉलर जातात आणि दुसऱ्यात सगळं जातं, आणि फाइलच्या कव्हरवरून ते कळत नाही. क्लेम कधी घातला, कशाचा आहे, जमीन आज खुली आहे का, हे बघितल्याशिवाय पत्राचा मजकूर लिहू नये. निर्णय त्यानं बदलणार नाही, पण काय करतोय ते तरी कळेल.

कोर्टाचा भाग पटकन उरकते. बीएलएम ज्या खात्याखाली येतं त्याच्या अपील बोर्डानं बीएलएमला उचलून धरलं. नेवाडाच्या जिल्हा न्यायालयानं १९८३ मध्ये लॉक यांच्या बाजूनं निकाल दिला, की ही तरतूदच घटनाबाह्य आहे, आणि तसंही एक दिवस इकडेतिकडे म्हणजे अटीची पूर्तता झाल्यातच जमा. सरकार थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि १ एप्रिल १९८५ ला सहा विरुद्ध तीन असा निकाल सरकारच्या बाजूनं लागला. (तारखेवरून विनोद करायचा मोह मी टाळतेय.) न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी निकाल लिहिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, मुदत कुठलीही घ्या ती मनमानीच असते, एक दिवस चालवून घेतला तर दोन का नाही, आठवडा का नाही, आणि उशीर करून मुदत "बऱ्यापैकी" पाळता येत नाही. हक्क सरकारनं काढून घेतलेला नाही, मालकानं कागद न दिल्यानं तो संपला. कायदा येऊन चार वर्षं झाली होती आणि प्रत्येकाला वेगळी नोटीस पाठवायला सरकार बांधील नाही. विरोधात न्यायमूर्ती स्टीव्हन्स, त्यांच्यासोबत ब्रेनन, आणि पॉवेल यांनी वेगळं लिहिलं. स्टीव्हन्स म्हणाले की या कलमाचं ड्राफ्टिंगच ढिसाळ आहे, काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, वर्षअखेरच म्हणायचं होतं हे उघड दिसतंय. पॉवेल यांचा सूर असा, की शब्द इतके फसवे असतील तर साध्या माणसाला त्यातून स्पष्ट सूचना मिळाली असं म्हणता येत नाही.

मला स्वतःला मार्शल यांचं वाचन पटतं. आवडत नाही, पण पटतं. ज्यानं एकदा काउंटरवर बसून पाहिलंय त्याला माहितीय की "एकच दिवस" म्हणणारा माणूस रोज येतो आणि प्रत्येकाची गोष्ट खरी असते.

पण खरी गोष्ट निकालाच्या मुख्य मजकुरात नाहीये, ती एका तळटीपेत आहे, आणि नवशिक्यानं वाचायची ती तळटीप. बीएलएम लोकांसाठी एक प्रश्नोत्तरांचं पत्रक काढायचं, सरकारी जमिनीवर क्लेम कसा घालावा याचं. त्याच्या १९७८ च्या आवृत्तीत चक्क छापलेलं होतं की वार्षिक कागद ३१ डिसेंबरला किंवा त्याआधी द्यावा. चूक! खात्याच्या स्वतःच्या नियमात ३० डिसेंबर होतं, नंतरच्या आवृत्त्यांत पत्रकातही ३० केलं, आणि १९८० मध्ये चालू असलेलं पत्रक बरोबर होतं. पण चुकीची आवृत्ती एकदा छापून ऑफिसाऑफिसांत गेली की ती ड्रॉवरमध्ये राहते आणि त्याहून वाईट म्हणजे डोक्यात राहते. ईलीत ज्यानं कोणी उत्तर दिलं त्याच्या डोक्यात तीच आवृत्ती असावी असा माझा अंदाज आहे, अंदाजच, कारण त्या माणसाची बाजू निकालात नाही. मार्शल यांनी हे मान्य केलं की असा सल्ला दिला गेल्याचा पुरावा कोणी खोडलेला नाही आणि जुनं पत्रक त्याला दुजोरा देतं. पण ते म्हणाले की हा मुद्दा कायद्याचा अर्थ लावण्याचा नाही, सरकारनं स्वतःच चुकीचं सांगितलं असेल तर त्याला आता तोंड फिरवता येतं का हा तो मुद्दा आहे, आणि तो खालच्या कोर्टानं तपासलेलाच नाही. बहुमतातल्या न्यायमूर्ती ओ'कॉनर यांनी वेगळी सहमती लिहिली तीही याच दाराकडे बोट दाखवत.

मग आता डेस्कच्या बाजूनं बघू, कोण कुठे काय करू शकलं असतं.

रीनोतला, ३१ तारखेला कागद घेणारा माणूस. तो काही करू शकत नव्हता. कागद नाकारायचा नाही, घ्यायचा, आणि खरी तारीख मारायची. इथे नवीन माणसाची दया उफाळून येते, समोर सातशे मैलांच्या खेपेला निघालेलं कोणीतरी उभं आहे, स्टॅम्पचं चाक एक खाच मागे फिरवलं तर कोणाचं काय जातंय. जातं. एक तर सरकारी रेकॉर्ड खोटं होतं आणि ते खोटं करणाऱ्याची नोकरी, कदाचित त्याहून जास्त काही, आणि दुसरं म्हणजे अशी फाइल पुढे भांडणात गेली की बरोबर तारखेच्या बाकी सगळ्या स्टॅम्पवरही संशय येतो. शिवाय क्लेम-क्लेममध्ये भांडणं असतात, एकाला दिलेला दिवस दुसऱ्याच्या खिशातून जाऊ शकतो.

एप्रिलचं पत्र लिहिणारा. त्यालाही पर्याय नव्हता. बाहेरच्या लोकांना वाटतं तो निर्णय घेतो. अशा प्रकरणात तो फक्त झालेलं कळवतो, क्लेम ३० डिसेंबरच्या संध्याकाळीच संपलेले असतात. त्याच्या हातात जे असतं ते बारीक असतं पण कामाचं असतं, कुठली उणीव कायद्यातली आणि कुठली नियमातली हे ओळखणं. लॉक निकालातच हा फरक मान्य झालाय: कायद्यानं मागितलेला कागदच आला नाही तर संपलं, पण खात्यानं आपल्या नियमात जास्तीची माहिती मागितली, नकाशा नाही, पत्ता अर्धवट, तर त्यावरून लगेच क्लेम मेला असं होत नाही. आजच्या नियमांत तेच आलंय, सुधारता येण्यासारखी चूक असेल तर नोटीस पाठवून ३० दिवस द्यायचे. नवीन माणूस घाबरून सगळ्याच चुकांना एकाच मापानं मोजतो, किंवा उलट, सगळ्यांनाच सुधारायला वेळ देऊन टाकतो. दोन्हीनं अपीलं वाढतात.

आणि ईलीतला. सगळं याच्या हातात होतं. प्रश्न आला तेव्हा तारीख गेलेली नव्हती. नियमाचं पान काढून, बोट ठेवून, "हे बघा, ३०" एवढं म्हणायला एक मिनिट लागलं असतं. त्याच्या हातून झालं काय, तर पाठ असलेलं उत्तर दिलं. मला त्याचा राग येत नाही, डिसेंबरात फोन वाजत असतात, लोक दारात असतात, आणि "वर्षाच्या शेवटपर्यंत" हे इतकं नैसर्गिक उत्तर आहे की तोंडातून निघूनच जातं. पण म्हणूनच नवीन माणसाला काउंटरवर बसवताना पहिली सवय हीच लावायला हवी, की तारीख, फी आणि पत्ता या तीन गोष्टी कधीही आठवणीतून सांगायच्या नाहीत. छापील कागद द्यायचा, चालू वर्षाचा, तारखेखाली पेनानं रेघ मारून, आणि आपल्या ऑफिसच्या नोंदीत लिहून ठेवायचं की कोणाला काय सांगितलं. जुनी पत्रकं ड्रॉवरमधून काढून फाडायची, रद्दीतसुद्धा ठेवायची नाहीत.

याच्यामागे एक कटू कारण आहे. खात्याचा नियमच आहे की कर्मचाऱ्यानं दिलेल्या माहितीवर किंवा मतावर कोणी विसंबलं म्हणून कायद्यात नसलेला हक्क त्याला मिळत नाही. आणि अपील बोर्डानं पुढे अशी भूमिका पक्की केली की सरकारला शब्दात पकडायचं असेल तर चूक लेखी अधिकृत निर्णयात असावी लागते, तोंडी सल्ला चालत नाही. म्हणजे बघा, लोकांनी विचारायचं कोणाला तर काउंटरला, आणि काउंटरच्या शब्दाला किंमत काय तर शून्य. सरकारची बाजू मला कळते, लाखो क्लेम आहेत, कोण काय बोललं याचे पुरावे काढत बसलं तर संपलंच. तरी माझं मत असं की ज्या ऑफिसच्या तोंडी शब्दाला किंमत नाही तिथे तोंडी उत्तर द्यायलाच बंदी असावी, मुदतींच्या बाबतीत तरी. लेखी द्या नाहीतर पान दाखवा.

पोस्टाच्या बाबतीत खात्यानं तेव्हाच थोडं नमतं घेतलं होतं, १९८२ मध्ये नियम बदलून ३० डिसेंबरच्या आतला पोस्टाचा शिक्का असेल आणि कागद १९ जानेवारीपर्यंत पोचला तर वेळेत धरायचं ठरलं. लॉक यांचा कागद हातानं दिलेला होता आणि तारीखच ३१, त्यामुळे त्यांना याचा उपयोग शून्य.

आज या कामाला लागणाऱ्याला चित्र थोडं वेगळं दिसेल. १९९३ च्या कायद्यानं बहुतेकांसाठी १०० डॉलरच्या कामाऐवजी सरळ १०० डॉलर फी आली, ती वाढत वाढत आता क्लेममागे २०० डॉलर झालीये, १ सप्टेंबरपर्यंत भरायची, आणि "पर्यंत" म्हणजे त्या दिवसासकट, देवा तुझी कृपा. २०२५ मध्ये १ सप्टेंबरलाच लेबर डेची सुट्टी आली, तेव्हा २ तारीख धरली गेली. पोस्टानं किंवा कुरियरनं मुदतीच्या आत निघालेला कागद १५ दिवसांत पोचला तरी चालतो. देशातल्या चालू क्लेमपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या नेवाडात आहेत, त्यामुळे रीनोत ऑगस्टची अखेर कशी जात असेल याची कल्पना करा. फी चुकली तर क्लेम गेला, इथे अजूनही माफी नाही, आणि रेकॉर्ड आता ऑनलाइन सगळ्यांना दिसतं, त्यामुळे चांगल्या जागेवरचा क्लेम पडला की शेजारचा खुंट घेऊन तयारच असतो.

छोट्या खाणवाल्यांना मात्र सूट आहे, दहा किंवा कमी क्लेम असतील तर फीऐवजी माफीचा अर्ज करता येतो, आणि त्या अर्जात काही चूक निघाली तर कायद्यातच लिहिलंय की नोटीस मिळाल्यापासून ६० दिवसांत दुरुस्त करा किंवा फी भरा. लॉक यांचे क्लेम बरोबर दहा होते, म्हणजे आजच्या हिशेबात ते अगदी काठावर बसले असते. फक्त माफी घेतली की काम करून दाखवावं लागतं आणि त्याचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं, आणि त्याची आजची शेवटची तारीख आहे ३० डिसेंबर. कलम ३१४ मध्ये अजूनही "३१ डिसेंबरच्या आधी" हेच शब्द आहेत. मार्शल यांनी म्हटलं होतं की शब्द दुरुस्त करणं कोर्टाचं काम नाही, ते काँग्रेसनं करावं. चाळीस वर्षं झाली, काँग्रेसला तेवढा वेळ मिळालेला नाही.